घरच्यांची ऑनलाइन माहिती आवरताना : कामाच्या नोंदी (जुलै ते ऑक्टोबर २०२५)

१२ जुलै २०२५, शनिवार, सांगली

मावशीच्या नावाने आणि तिचाच फोटो लावून कुणीतरी एका सोशल साइटवर खोटं खातं काढलं आणि तिच्या माहेरच्या माणसांना पैशांसाठी मेसेज पाठवले. पैसे कुणी दिले नाहीत. मामाला लगेच शंका आली, कारण मेसेजमध्ये 'भैया, अर्जंट आहे' असं होतं आणि मावशी त्याला जन्मात कधी 'दादा'शिवाय हाक मारत नाही. पण हा आपला मामा, ही आपली आई, हे त्या परक्या माणसाला कळलं कुठून, हा प्रश्न उरलाच. म्हणून घरातल्या सगळ्यांचे फोन, खाती, जुने मेल एकदा बसून आवरायचं ठरवलं. आई, बाबा, मावशी, ताई आणि तिचा अकरावीतला मुलगा, धाकटी बहीण (तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे) आणि मी. दुसऱ्या कुणी असं काम काढलं तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी.

एक अट पहिल्याच दिवशी घातली. ज्याचा फोन त्याच्याच हातात राहील. मी शेजारी बसून सांगेन, पासवर्ड टाइप करताना मान वळवेन. काळजीच्या नावाखाली घरातल्या बायकांचे फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातात, हे मी आजूबाजूला पुष्कळ बघितलंय. ते या कामात होऊ द्यायचं नाही.

आज फक्त ते खोटं खातं. असं खातं दिसलं की हात शिवशिवतात आणि माणूस आधी 'रिपोर्ट' दाबतो. थांबा. आधी पुरावा घ्या. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट, आलेले मेसेज, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या प्रोफाइलची लिंक. नाव आणि फोटो समोरचा मिनिटात बदलतो, नाव बदललं की नुसत्या नावावरून ते खातं सापडत नाही. आणि खातं एकदा उतरवलं गेलं की दाखवायला हातात काही उरत नाही.

मग मी आणि मामाने आपापल्या खात्यांवरून रिपोर्ट केलं. दोघांनाही तेच ठरावीक उत्तर आलं, नियमभंग आढळला नाही. त्यानंतर मावशीने स्वतःच्या खात्यातून, 'हे खातं माझी नक्कल करतंय' हा पर्याय निवडून रिपोर्ट केलं. जोडीला साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तिच्याच मेलवरून पत्र लिहिलं. २०२१च्या आयटी नियमांनुसार, आपलं सोंग घेतलेल्या खात्याबद्दल त्या व्यक्तीने तक्रार केली तर तेव्हा, म्हणजे २०२५ मध्ये, २४ तासांत कारवाई करायची असायची. पत्रात तो नियम, प्रोफाइलची लिंक आणि 'हे माझं खरं खातं' म्हणून तिची लिंक, एवढंच लिहिलं. रागाचं एक वाक्यही नाही.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवून पावतीचा नंबर जपून ठेवला. १९३० ही हेल्पलाइन पैसे गेले असतील तेव्हा ताबडतोब लावायची. त्या तासाभरात जितकं लवकर सांगाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडण्याची शक्यता जास्त. आमचे पैसे गेले नव्हते, म्हणून पोर्टल पुरलं. दुसऱ्याची ओळख वापरणं (कलम ६६सी) आणि सोंग घेऊन ऑनलाइन फसवणं (६६डी), आयटी कायद्यात दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मावशीला हे वाचून दाखवलं तेव्हा तिला जरा धीर आला. तोवर ती 'लोक काय म्हणतील' यातच अडकली होती.

१३ जुलै, रविवार

खातं उतरलं. मावशीने स्वतः केलेली तक्रारच कामी आली असं माझं मत झालंय. नातेवाइकांनी पन्नास रिपोर्ट करण्यापेक्षा ज्याची नक्कल झाली त्याने एक करावा.

मग मुळाशी गेलो. मावशीच्या फ्रेंडलिस्टमध्ये नसलेल्या एका मैत्रिणीला तिच्या खात्यातून मावशीचं फेसबुक उघडायला सांगितलं आणि काय दिसतं ते फोनवर वाचून घेतलं. हा प्रयोग प्रत्येकाने करावा, कारण आपल्या खात्यातून आपल्याला नेहमी सगळंच दिसतं. फ्रेंडलिस्ट जगजाहीर. वाढदिवसाच्या पोस्टखाली मामाची 'लाडक्या बहिणीस' अशी कमेंट, आईची 'माझी धाकटी' अशी कमेंट, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तारखेसकट फोटो. आपल्याकडे नाव लिहितानाच मधे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव येतं. त्यामुळे वंशावळ काढायला बाहेरच्या माणसाला दहा मिनिटंही लागत नाहीत.

मावशीने बदललं ते असं : फ्रेंडलिस्ट 'ओन्ली मी', जुन्या सगळ्या पोस्ट एका झटक्यात 'फ्रेंड्स'पुरत्या, फोन नंबरवरून कुणी शोधू नये ही सेटिंग, टॅग आधी तपासूनच लागेल ही सेटिंग, आणि प्रोफाइल लॉक. लॉकची सोय आपल्याकडे २०२० पासून आहे. पण नुसतं लॉक लावून फ्रेंडलिस्ट विसरू नका. लॉक अनोळख्यांसाठी असतं. एकदा का चुकून कुणा अनोळख्याची रिक्वेस्ट स्वीकारली, की फ्रेंडलिस्ट त्याच्यासमोर उघडी.

हे सगळं करून झाल्यावरही मावशी मामाच्या अल्बममध्ये, आईच्या अल्बममध्ये, भाचेसुनेच्या डोहाळजेवणाच्या फोटोंत नावानिशी होतीच. २०१८ साली केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचं प्रकरण निघालं, म्हणजे एका अ‍ॅपमधून फेसबुकवरच्या लोकांची माहिती त्या कंपनीकडे गेल्याचं उघड झालं, तेव्हा फेसबुकनेच दिलेले आकडे मी पुन्हा काढून घरी सांगितले. भारतात ते अ‍ॅप घेतलं होतं ३३५ जणांनी, आणि ज्यांची माहिती पोचली असू शकेल असे लोक होते ५ लाख ६२ हजार ४५५. बाकीच्यांनी काहीच केलेलं नव्हतं, ते फक्त कुणाचे तरी मित्र होते. म्हणून हे काम माणसागणिक करून भागत नाही, घरागणिक करावं लागतं.

२० जुलै, रविवार

यादीत आधी फोटो होते. क्रम बदलला. आधी मोबाइल नंबर. फोटो चोरून नाव लावता येतं, पण बँक, आधार, जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक हे सगळं एका दोऱ्यात ओवलेलं आहे ते नंबराने.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती कनेक्शन आहेत ते दिसतं. एका माणसाला देशाच्या बहुतेक भागांत नऊपर्यंत घेता येतात. बाबांच्या नावावर एक जास्तीचा नंबर निघाला. बऱ्याच चर्चेनंतर आठवलं की तो पूर्वीच्या इंटरनेट डोंगलचा. 'गरज नाही' असं नोंदवून टाकला. तुमच्या यादीत अजिबात ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर 'माझा नाही' हा वेगळा पर्याय आहे, तो निवडा.

आईचं प्रकरण अवघड निघालं. तिचा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे कधीचाच बंद पडला. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि तसा तो दिलेला होता. लावून बघितला तर एका दूरच्या गावातल्या गृहस्थांनी उचलला. आईचं जुनं फेसबुक खातं आणि जुनं जीमेल अजून त्याच नंबराला बांधलेलं. म्हणजे पासवर्ड बदलायचा कोड जाणार त्या गृहस्थांच्या फोनवर. फोन नवीन घेतला की आपण फोटो हलवतो, नंबर हलवत नाही.

सरळ मार्गाने जीमेल उघडेना. पासवर्ड आठवत नाही, नंबर दुसऱ्याचा. संध्याकाळपर्यंतचा वेळ त्यातच गेला. शेवटी ताईला आठवलं की माळ्यावर जुना टॅब आहे. काच तडकलेली, बॅटरी मेलेली, चार्जर बेपत्ता. बाजारातून ३५० रुपयांचा चार्जर आणला. वायर काढली की टॅब लगेच बंद पडायचा, म्हणून स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या सॉकेटला लावून ओट्यापाशी उभं राहूनच काम केलं. टॅबवर आईचं जीमेल उघडंच होतं! गुगलने ओळख पटवायला त्याच टॅबवर 'तुम्हीच आहात का' असं विचारलं, आईने तडकलेल्या काचेवर 'हो' दाबलं आणि नवीन पासवर्ड घेता आला. मग त्या मेलवर कोड मागवून फेसबुक उघडलं. दोन्हींवरून जुना नंबर काढला, नवा घातला. ते फेसबुक खातं आईने कायमचं मिटवायला टाकलं. तीस दिवसांच्या आत पुन्हा लॉगइन केलं तर मिटवणं रद्द होतं, हे तिला कागदावर लिहून दिलं.

जुना टॅब, जुना फोन भंगारात देण्याआधी त्यावर कोणती खाती उघडी आहेत ते बघून घ्या. पडून असलेलं यंत्र हीच कधी कधी शेवटची वाट असते, आणि चुकीच्या हातात गेलं तर त्याच्यासाठीही तीच वाट.

२७ जुलै, रविवार

बाबांचं व्हॉट्सअ‍ॅप. 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडलं तर एक संगणक जोडलेला. बाबांचा स्वतःचा संगणक नाही. पेन्शनचे कागद छापायला गेले होते तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात क्यूआर कोड स्कॅन करून दिला होता आणि तिथून बाहेर पडताना लॉग आउट केलंच नव्हतं. आपल्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप रोज चालू होतं, म्हणून ते जोडलेलं यंत्र आपोआप सुटलं नव्हतं. एवढे महिने बाबांचे सगळे मेसेज त्या दुकानात उघडता आले असते. दुकानदाराबद्दल माझी तक्रार नाही. त्याच्याकडे दिवसभर गर्दी असते आणि जो तो असाच कोड स्कॅन करून निघून जातो. ते यंत्र काढलं. बाबांना पेन ड्राइव्ह घेऊन दिला, छपाई आता त्यावरून.

त्याच बैठकीत दोन टप्प्यांची पडताळणी, म्हणजे सहा आकडी पिन. पिनसोबत मेल नक्की द्या. मेल दिला नाही आणि पिन विसरलात तर सात दिवस ताटकळावं लागतं. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन, ग्रुपमध्ये कोण घालू शकतं, तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'. अनोळखी कॉल गप्प करण्याची सेटिंगही लावली होती, ती बाबांनी दोनच दिवसांनी काढून टाकली. कुरिअरवाले व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल करतात आणि ते कळत नव्हते. ठीक आहे. जी सेटिंग माणसाला रोज छळते ती टिकत नाही.

मग आधार. पंढरपूरला, कोल्हापूरला खोली बुक करताना बाबा आधारचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. फोनच्या गॅलरीत 'आधार' शोधलं (फोटोतली अक्षरंही शोधता येतात हे त्यांना माहीत नव्हतं) तर पूर्ण कुटुंबाची आधार कार्डं, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, सगळं निघालं. यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवून घेतलं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आता फोनमध्ये तेवढंच आहे. बोटांच्या ठशांचं लॉकही लावलं. ते हवं तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

बाबांचा आणखी एक छंद म्हणजे गुगल मॅपवर रिव्ह्यू लिहिणं. हाडांचे डॉक्टर, बँकेची शाखा, सकाळी फिरायला जातात ती बाग, आवडती खानावळ. पूर्ण नावावर टिचकी मारली की दिनक्रमच समोर. रिव्ह्यू काढायला बाबा तयार नव्हते, आणि काढूही नयेत, लोकांना उपयोग होतो. प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन आपल्या सगळ्या रिव्ह्यूंची एकत्र यादी लोकांना दिसणं बंद केलं.

९ ऑगस्ट, शनिवार, राखीपौर्णिमा

ताई आणि भाचा आलेले. मला वाटलं होतं मुलाचं इन्स्टाग्राम ही सगळ्यात अवघड बाब ठरेल. झालं उलटं. त्याच्या खात्यात जन्मसाल खोटं होतं, मोठा दाखवलेला. फेब्रुवारीपासून भारतात आलेल्या टीन अकाउंटच्या (म्हणजे अल्पवयीन मुलांच्या खात्यांवरच्या) बंधनांत तो म्हणून आलाच नव्हता. ते त्याने स्वतःच सांगितलं, आणि खातं प्रायव्हेटही स्वतःच केलं. मग मला म्हणाला, "मावशी, माझं सोड. आईनं माझ्याबद्दल काय काय टाकलंय ते बघ."

१३ मे रोजी दहावीचा निकाल लागला त्या दिवशी ताईने अभिमानाने गुणपत्रिकेचा स्क्रीनशॉट टाकलेला, त्याआधी परीक्षेला निघतानाचा हॉलतिकीट हातात धरलेला फोटो. निकाल बघायला लागतात दोनच गोष्टी, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. क्रमांक फोटोत, आणि आईचं नाव पोस्ट टाकणारीचं. त्याचे गुण वर्गातल्या कुणीही, क्लासवाल्या कुणीही बघितले असणार. त्याला गणितात कमी पडले होते आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं. तो हे मोठ्याने बोलला नाही, मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं.

ताईने तिथल्या तिथे दोन्ही पोस्ट काढल्या. नंतर दोघांनी मिळून तिची टाइमलाइन चाळली. शाळेचा बिल्ला दिसणारे फोटो, घरासमोर उभ्या गाडीची नंबरप्लेट, खिडकीतून दिसणारी समोरच्या दुकानाची पाटी. दुकानाच्या पाटीवर गल्लीचं नाव होतं, हे त्यानेच दाखवलं. आता ताई त्याचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारणार आहे. हा नियम त्याने मागितला, तिने मान्य केला. या सगळ्या कामात मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे.

१७ ऑगस्ट, रविवार

बहिणीचा बायोडाटा. या कामातला सगळ्यात मोठा भाग हाच, आणि याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही.

लग्नाच्या बायोडाटात काय असतं ते एकदा परक्याच्या नजरेने वाचा. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ मिनिटासकट, जन्मस्थळ, रास, नाडी, देवक, कुलदैवत. कंपनीचं नाव, पद, वार्षिक पगार. वडिलांची नोकरी, शेती किती एकर, घर स्वतःचं की भाड्याचं. मामांची नावं आणि गावं, म्हणजे आईचं माहेरचं आडनाव आलंच. पाहुण्यांच्या आडनावांची यादी. घरचा पूर्ण पत्ता, दोन मोबाइल नंबर, दोन मोठे फोटो. एवढी माहिती बँकही एका कागदावर मागत नाही. आणि हा कागद वधू-वर ग्रुपांतून, मंडळांच्या याद्यांतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फिरतो. बहिणीला अनोळखी नंबरांवरून रात्री मेसेज येत होते. 'फोटो आवडला' वगैरे. तिने घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर सगळे तिलाच 'डीपी काढ' म्हणाले असते.

पहिला उपाय म्हणून आहे त्याच पीडीएफवर पत्ता, पगार, जन्मवेळ यांच्यावर काळे चौकोन टाकले. दिसायला पक्कं झालं. बहिणीने संगणकावर सगळा मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवला, तर काळ्याखालचं अक्षर न् अक्षर बाहेर! चौकोन वरून झाकतो, खालचं काढत नाही. फोनमधल्या मार्करचंही तसंच, तो थोडा पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. जे द्यायचं नाही ते मूळ फाइलमधूनच खोडा आणि नवी पीडीएफ काढा.

२४ ऑगस्ट, रविवार

नवा बायोडाटा दोन टप्प्यांचा केला. पहिल्या कागदावर नाव आणि आडनाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, कामाचं क्षेत्र, शहर, मूळ तालुका, अपेक्षा, आणि एक मध्यम आकाराचा फोटो. संपर्काला एकच नंबर, बाबांसाठी घेतलेलं वेगळं सिम. पत्ता, जन्मवेळ, मामांची नावं, कंपनीचं नाव हे दुसऱ्या टप्प्यात, दोन्ही घरांचं फोनवर बोलणं झाल्यावर आणि तेही सांगून.

बाबांचा विरोध होता. "अशानं स्थळं यायची बंद होतील. पत्रिकेशिवाय लोक पुढंच सरकत नाहीत." त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. आमच्याकडे बरेच जण जन्मवेळ आधी मागतात. तोड अशी काढली की ज्यांना पत्रिका बघायची त्यांनी बाबांना फोन करायचा, बाबा तोंडी सांगतील. एक फोन करण्याइतकीही ज्यांची तयारी नाही त्यांच्याकडे आपली जन्मवेळ कशाला हवी, हे बहिणीचं वाक्य बाबांना पटलं.

जुना बायोडाटा गेला तो गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं सगळ्यांसाठी खोडायला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, आणि कुणी पुढे पाठवला असेल तर त्यावर आपला हात चालत नाही. मंडळाला फोन करून यादीत नवा कागद लावायला सांगितला, त्यांनी लावला. पण जन्मतारीख बदलता येत नाही, घर बदलता येत नाही. बदलता येतो तो नंबर. जुन्या कागदावर बहिणीचा तोच नंबर होता जो बँकेला, आधारला जोडलेला. म्हणून उलट केलं. जगाला माहीत झालेला नंबर जगासाठीच ठेवला, आणि बँक व आधार नव्या सिमवर नेलं, जो नंबर आम्हा घरच्यांशिवाय कुणाकडे नाही. आधार केंद्रात नंबर बदलायला तेव्हा (ऑगस्ट २०२५) ५० रुपये लागले, शिवाय बँकेत फॉर्म आणि बहिणीची अर्ध्या दिवसाची रजा. नव्या सिमला दरमहा रिचार्जचा खर्च आहे, तो मोजून ठरवा. रिचार्ज चुकला आणि नंबर गेला, तर आईच्या जुन्या नंबराचीच गत.

त्याच दिवशी पडताळणीचे कोड एसएमएसऐवजी फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर नेले. गुगल दहा राखीव कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते प्रत्येकीने हाताने कागदावर लिहून कपाटातल्या सोन्याच्या डब्यात ठेवले. फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवायचा नाही.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरीपूजन. दरवर्षी आई गौरींचा फोटो टाकते. अंगावर घरातलं खरं सोनं, मागे उघडं देवघर, आणि 'आमच्या घरच्या गौराई' म्हणून ठिकाण टॅग. यंदा फोटो काढला, पण विसर्जन होऊन दागिने परत लॉकरमध्ये गेल्यावर टाकायचं ठरलं, ठिकाण न देता. गावाला निघतानाचे फोटोही आता परत आल्यावर.

कॅमेऱ्याची लोकेशन नोंद सगळ्यांच्या फोनवर बंद केली. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर त्यातलं लोकेशन निघून जातं, पण चांगली प्रत हवी म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवला तर ते तसंच सोबत जातं. फोटोग्राफरला, फ्रेमवाल्याला आपण नेमके तसेच पाठवतो.

१४ सप्टेंबर, रविवार, तासगाव

मावशीचं घरगुती भाजणी-चटणीचं काम. इथे 'सगळं बंद करा' हा उपाय चालतच नाही. तिचा धंदा तिच्या ओळखीवर उभा आहे. लोक तिचा चेहरा बघून चटणी घेतात. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, हे कायद्याने छापावंच लागतं. म्हणजे घरचा पत्ता लपणार नाही. तो मान्य करून बाकीचं वेगळं काढायचं.

धंद्यासाठी स्वतंत्र सिम, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, स्वतंत्र मेल. मावशीच्या खासगी खात्यावर नातवंडं, देवदर्शन, माहेर. धंद्याच्या खात्यावर फक्त भाजणी, दर, आणि एक फोटो, मावशी कढईपुढे. तोच फोटो खासगी खात्यावर नाही, म्हणजे त्या फोटोवरून एकातून दुसऱ्यात जाणं अवघड. यूपीआय आयडीही बघा. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आयडीत मोबाइल नंबरच असतो, आणि क्यूआर कोडखाली तो छापून येतो. मावशीने दुकानाच्या नावाचा नवा आयडी घेतला, नवा क्यूआर छापून घेतला.

अडलं ते लेबलांपाशी. जुन्या नंबराची छापील लेबलं गठ्ठ्याने शिल्लक होती, दिवाळीसाठी छापलेली. टाकून द्यायची तर नुकसान. नव्या नंबराचे छोटे स्टिकर छापून वर चिकटवून बघितले, तर तेलकट हातांनी ते निघून येतात. मग ठरलं, जुनी लेबलं ओळखीच्या घरांत जाणाऱ्या पाकिटांना, दुकानात आणि प्रदर्शनात ठेवायच्या पाकिटांना नवी. निम्मी लेबलं पुन्हा छापली, ९०० रुपये गेले.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्र. आपला फोटो देऊन एआयकडून जुन्या सिनेमातल्यासारखा साडीतला फोटो करून घ्यायची लाट आली आहे. बहिणीने स्वतःचा केला, खास त्यासाठी काढलेला एक साधा फोटो देऊन. चेहरा तिचा, निर्णय तिचा. ताईच्या ग्रुपमध्ये मात्र एकीने सगळ्यांचा एकत्र फोटो कुठल्याशा अनोळखी साइटवर चढवला होता, न विचारता. ताईने तिला शांतपणे फोन करून सांगितलं. वाईट वाटून घेतलं नाही तिने.

१२ ऑक्टोबर, रविवार

नव्या बायोडाटावर स्थळं येताहेत. बाबांच्या हिशेबाने थोडी कमी, पण जी येतात ती फोन करून, घरच्यांशी बोलून येतात. बहिणीला रात्रीचे मेसेज जुन्या नंबरावर अजून अधूनमधून येतात. तो फोन आता संध्याकाळनंतर बंद असतो आणि बँकेचा फोन दुसराच, त्यामुळे तिचं काही अडत नाही.

परत एकदा त्याच मैत्रिणीला सगळ्यांची खाती बाहेरून बघायला सांगितली. मावशीची फ्रेंडलिस्ट दिसत नाही. आईचं जुनं खातं सापडत नाही. मामाच्या अल्बममध्ये मात्र आम्ही सगळे अजून आहोत. मामा म्हणाला दिवाळीला या, तेव्हा बसू.

राहिलेलं काम : बाबांच्या निवृत्त सहकाऱ्यांच्या ग्रुपवर वाढदिवसांची यादी फिरते, पूर्ण नाव, जन्मतारीख सालासकट, पत्ता आणि पेन्शनची बँक. अ‍ॅडमिनशी बाबा स्वतः बोलले. साल आणि बँक काढून नवी यादी दिवाळीआधी टाकतो असं ते म्हणालेत, आणि यादी टाइप करायला त्यांनी माणूस मागितलाय. ते मी पुढच्या शनिवारी करून देणार आहे.